पाचही ट्वीटर बंद

माझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं, ही गोष्ट मला, माझ्या नवऱ्याला आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला माहीत होती. सासऱ्यांना माहीत नव्हती. त्यांच्या मते टीव्ही नीट बोलत नव्हता.

"आवाज आहे," बाबा म्हणायचे, "शब्द नाहीत. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं नुसतं. हल्लीचे टीव्हीच असले."

हे वाक्य मी रोज चारपाच वेळा ऐकते, कारण मी एका इस्पितळात लोकांचे कान तपासते. छोट्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक शिट्ट्या वाजवायच्या आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगायचं. चौदा वर्षं हेच करते आहे. 'आवाज आहे पण शब्द नाहीत' असं म्हणत जो आत येतो, त्याचा आलेख कसा येणार हे तो खुर्चीत टेकायच्या आधी मला सांगता येतं. जाड सूर शाबूत, बारीक सूर गेलेले. स, त, फ अशी अक्षरं त्या बारीक सुरांच्या मुलखात राहतात. ती गेली की माणूस उरलेल्या आवाजावरून शब्द ओळखत बसतो, आणि निम्मे चुकीचे ओळखतो.

पण बाबांना हे सांगायची सोय नव्हती. बाबा चौतीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या खात्यात. तिथे त्यांना 'डॉक्टर' म्हणत. मशीन न थांबवता कुठलं बेअरिंग गेलंय ते हा माणूस आवाजावरून सांगायचा. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्यांचं निदान चुकल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने घड्याळ दिलं. ते कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. स्क्रू ड्रायव्हर मात्र त्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात असतो, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून.

तीन वर्षांपूर्वी मी एकदा म्हणाले होते, "बाबा, सहज म्हणून माझ्याकडे येऊन जा ना एकदा. दहा मिनिटांचं काम."

"अख्खं खातं माझ्या कानावर चालायचं," ते म्हणाले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर हा विषय मी काढला नाही. सुनेने सासऱ्याला बहिरं म्हणायचं, तेही पदवीच्या जोरावर, हे काही बरं दिसत नाही.

माझा नवरा छापखान्यात मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढतो. घरात तो चुका काढत नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. एका संध्याकाळी टीव्हीचा आवाज साठवर असताना त्याने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि म्हणाला, "होम थिएटर घेऊ."

"काय?"

"बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये. पातळ टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात. तो बोलतो ते भिंतीशी बोलतो. होम थिएटरमध्ये संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असतो. समोर तोंड करून बोलतो."

"कानाचं मशीन याच्यापेक्षा स्वस्तात येईल."

"ते घालणार नाहीत."

"आणि हे?"

"हे टीव्हीला घालायचंय."

फ्रिज बदलायला म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम होती, त्याच्या साधारण दीड पगाराएवढी. फ्रिज गुरगुरत होता, पण थंड करत होता. ती रक्कम होम थिएटरची झाली.

पुढचे दोन महिने त्याने अभ्यास केला. जेवताना तो मला शिकलेलं सांगायचा. रिसीव्हर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. पाच स्पीकर आणि जाड आवाजाचा एक डबा, म्हणून पाच पॉइंट एक. तो डबा म्हणजे पॉइंट एक, आकाराने सगळ्यात मोठा असला तरी. स्पीकरला ओहम असतात, ते जुळावे लागतात. 'पत्रिकेसारखं,' मी म्हणाले. 'पत्रिकेपेक्षा यात तथ्य आहे,' तो म्हणाला. माहितीपत्रकं तो घरी आणायचा आणि लाल पेनाने त्यातल्या छपाईच्या चुका दुरुस्त करायचा, मग वाचायचा. एका कंपनीच्या पत्रकात एकाच पानावर नऊ चुका निघाल्या. ती कंपनी यादीतून गेली.

दुकानात मागच्या बाजूला एक ऐकायची खोली होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, मध्ये कोच, घट्ट बसणारं दार. थेट माझ्या कामाच्या खोलीसारखी, फक्त इथे लोक हौसेने येत. दुकानदार मध्यम वयाचा, पोटावर हात ठेवून बोलणारा.

"रिसीव्हर म्हणजे घरातली कर्ती बाई," तो म्हणाला. "टीव्हीचं ऐकायचं, डिस्कवाल्याचं ऐकायचं, आणि कोणाच्या पानात काय वाढायचं ते ठरवायचं. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे तिचे हात. तुमच्या बजेटात बाई हातांसकट मिळते."

"आणि जास्त बजेटात?"

"जास्त बजेटात हात बाहेरून जोडता येतात. पण आधी बाई घरात येऊ द्या."

नवऱ्याने खिशातून पत्रक काढलं. "इथे शंभर वॅट लिहिलंय."

"शंभर आहेत."

"शंभरावर चांदणी आहे. चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी आहे. शंभर वॅट हे दोनच स्पीकर चालू असताना. पाचही लावले की प्रत्येकाला पंचेचाळीससुद्धा मिळत नाहीत."

दुकानदाराने पोटावरचा हात काढला. "साहेब, बावीस वर्षं धंदा करतोय. ती चांदणी आजवर कोणी वाचली नाही."

"मला पगार त्याचाच मिळतो."

यानंतर दुकानदार आमच्याशी खरं बोलायला लागला. म्हणाला, घरची खोली बारा बाय चौदा असेल तर पंचेचाळीस वॅट डोक्यावरून पाणी. वॅटच्या मागे लागू नका, गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या, नव्यात नुसते दिवे जास्त आहेत. पैसे वाचवायचे ते रिसीव्हरमध्ये वाचवा, मधल्या स्पीकरमध्ये नको. कोणीतरी नेऊन आठ दिवसांत परत केलेला एक रिसीव्हर त्याच्याकडे होता. तो आम्ही घेतला. पाच स्पीकर आणि पॉइंट एक घेतल्यावर रकमेतून रिक्षाचं भाडं उरलं.

रविवारी नवऱ्याने सगळं जोडलं. सकाळी नऊला बसला, दुपारी तीनला उठला. माहितीपुस्तिकेत त्याला चौदा चुका सापडल्या, त्यातली एक लाल आणि काळ्या वायरबद्दल होती. बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांना यंत्रं आवडतात. रिसीव्हरबरोबर एक लहानसा माइक आला होता. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि खोलीत कोणी बोलायचं नाही, म्हणजे यंत्र स्वतःच स्पीकर तपासतं. माइक बाबांच्या खुर्चीवर ठेवला. आम्ही तिघं दाराशी मुकाट उभे राहिलो. पाची स्पीकर एकामागून एक चिवचिवले. पडद्यावर पाच हिरव्या खुणा उमटल्या.

"झालं," नवरा म्हणाला. "बसा बाबा."

बाबा बसले. बातम्या लागल्या. मधला स्पीकर समोर तोंड करून बोलू लागला. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं, मग उठून कपाटाकडे गेले आणि फडकं सोडत परत आले.

त्यांनी मधल्या स्पीकरची जाळी काढली. आत बशीएवढे दोन काळे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये चहाच्या कपाच्या तोंडाएवढा एक छोटा, बारीक आवाजाचा. त्याला ट्वीटर म्हणतात. बाबांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोठ्याच्या कडेला टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. होकारार्थी मान हलवली. मग टोक ट्वीटरच्या कडेला. बराच वेळ. मान हलली नाही. मग उजवा स्पीकर, डावा, मागचे दोन. घाई न करता, क्रमाने.

"पाचही ट्वीटर बंद आहेत," त्यांनी निकाल दिला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ट्वीटर इतके नीट चालू होते की निवेदिकेच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

"पाचही?" तो म्हणाला.

"पाचही. मोठे चालू आहेत, छोटे मेलेत. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाहीत. मी केव्हापासून सांगतोय." ते जवळजवळ खुशीत होते. "एकाच वेळी पाच जात नसतात. दोष मुळात आहे. तो रिसीव्हरचा डबा बदलून आणा."

रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघरात आमची बैठक झाली.

"तू सांग," नवरा म्हणाला.

"तुझे वडील आहेत."

"तुझा व्यवसाय आहे."

"मी एकदा सांगितलंय. आता तुझी पाळी."

त्याने ओटा पुसायला घेतला. "सकाळी डबा बदलून आणतो," म्हणाला.

दुकानदाराने रिसीव्हर लावून बघितला, उत्तम चालत होता. तरी तो भला माणूस. वरचा फरक घेऊन दुसरा दिला, ज्याला हात बाहेरून जोडता येत होते. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. पाचही बंद. नवरा परत गेला. दुकानदार विचारात पडला. म्हणाला, कदाचित ताकद कमी पडत असेल, एक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर नेऊन बघा. असं त्याने मनापासून म्हटलं की धंद्याच्या सवयीने, हे मला आजही सांगता येणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर चौदा किलोचा होता. तो हप्त्याने आला. टीव्हीखालच्या फळीवर मावेना म्हणून जमिनीवर ठेवला. आता बातम्या देणारी बाई आमच्या मांडीवर बसून बोलते आहे असं वाटायला लागलं. वरच्या मजल्यावरून मुलगी निरोप घेऊन आली की आईने विचारलंय, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना.

बाबांनी टोक टेकवलं, डोळे मिटले.

"जाड आवाज वाढला," ते म्हणाले. "छोटे मेलेलेच." मग टोक फडक्याने पुसत, "तुला ते बनवतायत. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. काहीतरी होणार हे दिसत होतं, आणि मी तिथे नसणं बरं नव्हतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मधला स्पीकर पिशवीत, स्क्रू ड्रायव्हर खिशात पेनासारखा, फक्त खिशाच्या वीतभर वर आलेला. दुकानदाराने तिघांना येताना पाहिलं आणि पोटावरचा हात आपोआप निघाला.

"काका," तो म्हणाला, "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका. मागच्या गल्लीत दुरुस्तीवाल्या बाई आहेत. माझ्याकडचा माल खराब असला तर त्या मला तोंडावर सांगतात. त्यांनी बंद म्हटलं तर सगळे पैसे परत."

"चला," बाबा म्हणाले.

दुरुस्तीवाल्या बाईंची खोली म्हणजे एक टेबल आणि त्याच्याभोवती उघड्या पडलेल्या यंत्रांचे ढीग. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात सोल्डरची कांडी. भिंतीवर एक पंखा कण्हत फिरत होता. त्यांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं, स्पीकर टेबलावर आडवा केला, ट्वीटरच्या तारा मोकळ्या केल्या आणि एका डब्याला जोडल्या. डब्यावर गोल बटण होतं. फिरवलं की सूर चढत जायचा. शेजारी काटा असलेलं मीटर. मला घरी आल्यासारखं वाटलं.

"काका, आवाज आला की सांगा," बाई म्हणाल्या.

मी चौदा वर्षं म्हणत आलेलं वाक्य. मी नवऱ्याकडे बघितलं नाही.

"आला," बाबा म्हणाले.

बाईंनी बटण फिरवलं. "आता?"

"आहे."

"आता?"

"आहे. कमी झाला."

कमी झाला नव्हता. बाईंनी आणखी फिरवलं. आता शिट्टी कानात सुईसारखी जात होती.

"बंद पडला," बाबा म्हणाले. "बघा. सांगत होतो की नाही?"

बाईंनी मीटरकडे पाहिलं. काटा जिथल्या तिथे उभा होता. त्यांनी आवाज वाढवला. नवऱ्याने डोळे बारीक केले. बाबांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक ट्वीटरला, मूठ कानामागे. डोळे मिटले. बाईंनी आणखी वाढवला. मी खांदा उचलून एक कान झाकला, दुसऱ्यावर हात ठेवला. बाई स्वतः मान वाकडी करून बसल्या. दुकानदार, जो दारात उभा होता, तो गल्लीत गेला.

बाबांनी डोळे उघडले आणि आम्ही तिघं त्यांना दिसलो.

"तुम्ही तोंडं का अशी केलीत?"

शिट्टी वाजत होती.

बाबांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग त्यांनी मीटरचा काटा पाहिला. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर. ते उठले, भिंतीवरच्या पंख्यापाशी गेले, टोक त्याच्या मोटरवर टेकवलं आणि मूठ कानामागे धरली.

"मागचं बुश घासतंय," ते म्हणाले.

"महिना झाला," बाई म्हणाल्या. "वेळ नाही झाला बघायला."

"म्हणजे हा ठीक आहे," बाबांनी स्क्रू ड्रायव्हरकडे बघत म्हटलं. ते परत स्टुलावर येऊन बसले. आता ते बोलत होते ते आमच्याशी नव्हतं, खात्यात कामाला लागलेल्या कोणा नव्या माणसाला शिकवत असावेत तसं होतं. "सप्लाय आहे. काटा सांगतो. तार ठीक. स्पीकर..." त्यांनी ट्वीटरवर अलगद बोट टेकवलं, काही क्षण ठेवलं. "स्पीकर थरथरतोय. बोटाला लागतं. एकेक बाजूला काढत जायचं. जे उरेल तिथे दोष."

मग त्यांनी बोट काढून घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. बाईंनी बटणाकडे हात नेला आणि पुन्हा मागे घेतला.

"तो आवाज बंद करा," बाबा शेवटी म्हणाले. "यांना त्रास होतोय."

बाईंनी बंद केला. त्यांनी तारा पूर्ववत जोडल्या, जाळी बसवली आणि पैसे घेतले नाहीत. बाबांनी पंख्याचं बुश बदलून द्यायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, या.

घरी येताना नवरा स्पीकर मांडीवर घेऊन रिक्षात पुढे बसला. मी आणि बाबा मागे. दोन चौक गेल्यावर बाबांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षं."

"बोलली नाहीस."

"बोलले होते, बाबा. एकदा."

"मोठ्याने बोलायचं," ते म्हणाले.

मंगळवारी ते माझ्याकडे इस्पितळात आले. नंबर लावून, बाकड्यावर बसून, आपली पाळी आल्यावर. मी त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. लोक बऱ्याचदा अंदाजाने बटण दाबतात, पास व्हायला बघतात. बाबांनी एकदाही खोटं दाबलं नाही. शेवटची दोन मिनिटं बटण हलतच नव्हतं, आणि काचेतून मला त्यांचा हात दिसत होता, तयारीत.

मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

"इथे पार खड्डा आहे," चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक सुरांच्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले.

"हा कारखान्याचा आवाज. प्रेसवाल्यांचा खड्डा तिथेच पडतो."

"सगळ्यांचा?"

"बहुतेकांचा."

याने त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. खात्यातल्या दोनचार जणांची आठवण निघाली, कोण कोण ओरडून बोलायचं ते. मग त्यांनी आलेख टेबलावर ठेवला.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुझी सासू गेल्यापासून घर शांत झालंय. बायको गेली की घर असंच होत असेल. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही."

मी आलेखाची घडी घातली. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. मी म्हणाले, "घर शांत नाहीये, बाबा. घरात भरपूर आवाज आहे."

मशीन निवडायला नवऱ्याने दोन महिने मागितले. बाबांनी आठवडा दिला. पत्रकं घरी आली, लाल पेन निघालं. बाबांनी या वेळी पत्रकं स्वतः वाचली, भिंग घेऊन.

"हा पण अ‍ॅम्प्लिफायरच की," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "ज्या पट्टीत तुमचं कमी आहे तेवढ्याच पट्टीत वाढवतो."

"चॅनल किती?"

"याला सोळा पट्ट्या. त्या महागाला चोवीस."

"टीव्हीला पाच स्पीकर पुरतात आणि मला चोवीस कशाला? सोळावाला बघ. गेल्या वर्षीचं मॉडेल असेल त्यात?"

होतं. गेल्या वर्षीचं, दोन्ही कानांसाठी, इस्पितळाच्या सवलतीत. तरी पैसे पुरत नव्हते. बाबांनी जमिनीवरच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट केलं.

"ते धूड परत दे."

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला तो आवडायला लागला होता. आम्ही झोपल्यावर तो त्याच्या दिव्याकडे बघत बसायचा, हे मला माहीत होतं. पण त्याने तो पुसून, चुका दुरुस्त केलेल्या पुस्तिकेसह डब्यात घातला. दुकानदाराने भरलेला हप्ता ठेवून घेऊन पुढचे रद्द केले, ते मशीनला गेले. म्हणाला, साहेब, खरं सांगू, तुमच्या खोलीला त्याची गरज नव्हतीच.

मशीन बसवून बाबांना घरी आणलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. ते दारातच थांबले.

"काय वाजतंय?"

"फ्रिज."

"हा असा ओरडतो आणि तुम्ही याच्याबरोबर राहता?" ते आत गेले. "नळ कधीपासून गळतोय?"

"दोन वर्षं," नवरा म्हणाला.

त्यांनी वर्तमानपत्र उलटलं आणि दचकून खाली ठेवलं. मी चहा गाळत होते तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कान चहाच्या धारेकडे. चहा गाळून झाला तसे ते गेले. रात्री जेवणाआधी त्यांनी नळाचा वॉशर बदलला.

मग मालिका लागली. बाबा ही मालिका चार वर्षं बघतात. एका मोठ्या घरातल्या वाटणीची गोष्ट आहे, सगळे एकमेकांवर ओरडत असतात. नवऱ्याने सवयीने आवाज साठवर नेला. बाबांनी दोन्ही हात कानांवर घेतले.

"वेडा आहेस का? कमी कर!"

अठ्ठावीसवर ते थांब म्हणाले. मधला स्पीकर समोर तोंड करून बोलत होता. बाबा खुर्चीच्या टोकाशी सरकले. पडद्यावर घरातले पांढऱ्या केसांचे थोरले काका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी समजावत होते. बाबांनी ते सगळं ऐकलं. जाहिरात लागली तरी ते पडद्याकडेच बघत होते.

"हा माणूस त्या पोराला काय सांगतोय?" त्यांनी मला विचारलं.

"धाकट्या भावाच्या गाडीचे ब्रेक काढायला सांगतोय, बाबा."

"हा नेहमी असंच बोलतो?"

"पहिल्यापासून. सगळं त्याचंच कारस्थान आहे."

बाबा मागे टेकले. "चार वर्षं," ते म्हणाले, "त्या अख्ख्या घरात मी याला एकट्याला सज्जन समजत होतो. ओरडत नाही म्हणून."

नवऱ्याने विचारलं, चॅनल बदलू का.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता त्या धाकट्याकडे बघायला पाहिजे. त्याला काही कल्पना नाही."